सायकलस्वाराच्या अंगावरचा आरसा

कापडे, ता. पोलादपूर, जि. रायगड

चि. भाचीस,

हेल्मेटला, चष्म्याच्या काडीला किंवा मनगटाला लावून मागचा रस्ता दाखवणारा लहानसा आरसा म्हणजे सायकलस्वाराच्या अंगावरचा आरसा. हँडलला बसवलेला आरसा सायकलबरोबर हलतो. हा स्वाराबरोबर हलतो, आणि डोक्यावर असला तर मान वळेल तिकडे वळतो. मागून काय येत आहे हे समोरच्या रस्त्यावरून क्षणभरच नजर काढून कळावे, एवढेच त्याचे काम. तो वापरण्याचा नियमही एकच: आरशाचा नकार मानावा, होकार मानू नये. आरशात वाहन दिसले तर आपली जागा सोडू नये. आरसा रिकामा दिसला, तरी मान वळवून खात्री करून घेतल्याशिवाय जागा सोडू नये. या नियमाची कारणे आरशाच्या घडणीत आणि रस्त्याच्या स्वभावात आहेत.

वाहन चालवताना आरशातून मागे पाहण्याची युक्ती मोटारींच्या सुरुवातीच्या काळातली आहे. डोरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालक बाईंनी १९०९ मध्ये स्त्रियांसाठी मोटार चालवण्याचे पुस्तक लिहिले. गाडीत हातआरसा ठेवावा आणि अधूनमधून तो वर धरून मागची वाहने पाहावीत, असा सल्ला त्यांनी त्यात दिला. त्या काळी शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी मदतनीस बसे आणि मागून कोण येते ते सांगे. १९११ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसची पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. तिच्यात रे हॅरून मदतनिसाशिवाय उतरला, गाडीवर आरसा बसवून एकट्याने ती चालवली आणि शर्यत जिंकली. पुढे आरसा हा मोटारीचा नेहमीचा भाग झाला. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी मोटार वाहनांना तो आवश्यक केला आहे. सायकल कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहन ठरत नाही, म्हणून तिला ही सक्ती नाही. सायकलींबाबत केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्तेचा जो आदेश काढला, तो रिफ्लेक्टरांपुरता आहे. त्यामुळे सायकलबरोबर दुकानातून घंटी येते, रिफ्लेक्टर येतो, आरसा येत नाही. तो ज्याचा त्याने समजून घ्यायचा आणि लावायचा असतो.

पोलादपूर, कापडे, उमरठ या पट्ट्यात त्याची गरज रस्त्यांमुळेच पडते. पोलादपूर मुंबई-गोवा महामार्गावर आहे, आणि तिथूनच आंबेनळी घाटाचा रस्ता महाबळेश्वरकडे चढतो. घाटात वाडा कुंभरोशीजवळून प्रतापगडाला फाटा जातो; उमरठला तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. त्यामुळे गावच्या रस्त्यावर एसटी, मिनिडोर, दुचाकी आणि खडीचे डंपर यांच्याबरोबर बाहेरगावच्या मोटारीही असतात. सुट्टीच्या दिवशी आणि पावसाळी सहलींच्या दिवसांत त्या वाढतात. एसटीच्या चालकाला प्रत्येक वळण आणि प्रत्येक मोरी पाठ असते. पहिल्यांदा आलेल्या चालकाला पुढच्या वळणापलीकडे शाळेतून घरी निघालेली सायकल असेल याची कल्पनाही नसते. रस्ता अरुंद, साइडपट्टी कुठे खचलेली तर कुठे गवताने झाकलेली. सायकलस्वाराला बाजूला सरकायला फार जागा नसते, म्हणून त्याला वेळ तरी जास्त मिळायला हवा.

कान हा मागचे ओळखण्याचा जुना मार्ग. तो सोडू नये, पण त्याच्यावर सगळी भिस्तही ठेवू नये. आषाढात पावसाचा आणि ओढ्यांचा आवाज इंजिनाचा आवाज गिळतो. उतारावर कानात वारा भरतो. रेनकोटची टोपी कानावर असली की हॉर्नही उशिरा कळतो, आणि विजेवर चालणारी दुचाकी तर जवळ येईपर्यंत ऐकूच येत नाही. शिवाय कानाला वाहन आल्याचे कळते. ते किती बाहेरून येत आहे, त्याच्या मागे आणखी एखादे आहे का, हे कळत नाही.

मान वळवून पाहणे हा दुसरा मार्ग, आणि खात्रीसाठी त्याला पर्याय नाही. पण तो वरचेवर वापरता येत नाही. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात चार मीटरांहून अधिक पुढे जाते. मान मागे असताना तेवढा रस्ता न पाहता कापला जातो, आणि त्यात खड्डा, दगड किंवा शेण असू शकते. मान उजवीकडे वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल ओढले जाते आणि सायकल नकळत रस्त्याच्या मध्याकडे सरकते. कॅरिअरवर दप्तर किंवा पिशवी असली तर ही ओढ वाढते. कधी मागे पाहायचे हे आधी कळले, तर मान वळवण्याचे प्रसंग कमी होतात आणि योग्य वेळी येतात. आरसा ते काम करतो.

एवढासा आरसा पुरतो कसा, हे समजून घ्यावे. सपाट आरशात रस्त्याचा किती भाग दिसेल हे आरशाच्या आकारावर आणि डोळ्यापासूनच्या अंतरावर ठरते. खिडकीला डोळा लावला की सगळे अंगण दिसते, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून त्याच खिडकीतून एखादेच झाड दिसते, तसेच हे आहे. तीन सेंटीमीटर रुंदीचा आरसा डोळ्यापासून आठ सेंटीमीटरवर असला, तर सुमारे २० अंशांचा भाग दिसतो. पाच सेंटीमीटरचा सपाट आरसा हँडलवर, म्हणजे डोळ्यापासून ६० सेंटीमीटरवर असला, तर जेमतेम पाच अंश दिसतात. पन्नास मीटर मागे मोजले तर पहिल्यात सुमारे साडेसतरा मीटर रुंदीचा पट्टा येतो, दुसऱ्यात सव्वाचार ते साडेचार मीटरांचा. लहान आरसा जवळ असल्यामुळे मोठ्या आरशाहून अधिक दाखवतो.

हँडलवरच्या आरशाची ही उणीव भरून काढण्यासाठी तो बहुधा बहिर्वक्र, म्हणजे बाहेर फुगीर करतात. त्यात जास्त रस्ता मावतो, पण प्रत्येक वस्तू लहान दिसते, आणि लहान दिसणारी वस्तू मनाला दूर वाटते. डंपर आहे त्याहून लांब आहे असा समज होणे सायकलस्वाराला परवडणारे नाही. अंगावरचा आरसा सपाट असला तरी पुरेसा दाखवतो, म्हणून त्यात वाहने खऱ्या प्रमाणात दिसतात. घेताना सपाटच घ्यावा.

जवळचा आरसा पाहताना डोळ्याला ताण पडेल ही भीती अनाठायी आहे. सपाट आरशातली प्रतिमा आरशाच्या पृष्ठावर नसते. वस्तू जितकी दूर, तितकी ती आरशापलीकडे दूर असते. डोळा दूरचे पाहताना जसा असतो तसाच इथेही राहतो, आणि आरशाच्या कडा तेवढ्या अस्पष्ट दिसतात. म्हणून जवळचे वाचायला चष्मा लागणाऱ्या माणसालाही हा आरसा चालतो. मात्र तो एकाच डोळ्याने पाहिला जातो. दोन डोळ्यांनी मिळणारा खोलीचा अंदाज त्यात नसतो, त्यामुळे अंतर ओळखण्याची सवय वेगळी करावी लागते.

डोक्यावरच्या आरशाचा आणखी एक गुण घाटात उपयोगी पडतो. वळणावर हँडलचा आरसा हँडलबरोबर फिरतो आणि मागचा रस्ता सोडून दरड किंवा कठडा दाखवू लागतो. डोक्यावरचा आरसा मान थोडी फिरवून पुन्हा रस्त्यावर आणता येतो. मान दहा अंश फिरली की दृश्यही दहा अंश सरकते. अशा दोन-तीन लहान हालचालींत मागचा सगळा रस्ता नजरेखालून जातो.

आरसा कोणत्या बाजूला असावा, हा प्रश्न आपल्याकडे महत्त्वाचा आहे. भारतात वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे मागचे वाहन सायकलला उजवीकडून ओलांडते. आरसा उजव्या बाजूलाच हवा. अमेरिकेत आणि युरोपातल्या बहुतेक देशांत वाहने उजवीकडून चालतात, म्हणून तिथल्या गिऱ्हाइकांसाठी बनवलेले आरसे डाव्या बाजूचे असतात. काही आरसे फिरवून उजवीकडे लावता येतात, काही येत नाहीत. विकत घेताना हे आधी पाहावे. उजव्या डोळ्याने नीट दिसत नसेल तर अंगावरच्या आरशाचा हट्ट न धरता हँडलच्या उजव्या टोकाला आरसा लावावा.

प्रकारांत हेल्मेटचा आरसा सर्वांत स्थिर. तो पट्ट्याला चिमट्याने किंवा कडेला चिकटपट्टीने बसतो. चष्म्याच्या काडीवरचा हलका असतो आणि हेल्मेट नसले तरी वापरता येतो. ज्याला चष्मा लागत नाही त्याने साध्या पारदर्शक काचांचा गॉगल घालावा. आरशाला जागा मिळते आणि धूळ व चिलटे यांपासून डोळेही वाचतात. मनगटावरचा आरसा लावायला सोपा, पण पाहण्यासाठी मनगट वळवावे लागते, खड्ड्यात तो थरथरतो, आणि उतारावर बोटे ब्रेकवर असताना मनगट वळवणे बरे नव्हे. सपाट रस्त्यावर कधीमधी वापरायला तो ठीक; घाटासाठी नाही.

कोणताही घेतला तरी तो काचेचा नसावा. तो डोळ्यापाशी असतो, म्हणून न फुटणाऱ्या प्लास्टिकचाच असावा, कडा गोल असाव्यात, आणि धक्का बसला तर दांडी वाकावी किंवा निसटावी, ताठ राहू नये. जुन्या चाकाची तार वाकवून घरी आरसा करणारे लोक आहेत. तसा करायचा तर तारेचे एकही टोक उघडे किंवा डोळ्याच्या दिशेने ठेवू नये. घरातल्या फुटक्या आरशाचा तुकडा कदापि वापरू नये.

आरसा जुळवण्याचे काम सायकलवर बसूनच करावे, कारण उभे असताना आणि सायकलवर वाकून बसले असताना डोक्याचा कोन वेगळा असतो. कोणाला तरी सायकल धरायला सांगून नेहमीसारखे बसावे. नजर समोर असताना आरसा उजवीकडे थोडा वर असावा. समोरून येणारी वाहने त्याच्याआड जाऊ नयेत. आरशाच्या आतल्या कडेला आपल्या कानाची किंवा हेल्मेटच्या पट्ट्याची बारीक किनार दिसावी. ती दिसत असली म्हणजे आरसा फार बाहेर वळलेला नाही याची खूण मिळते. मागचा रस्ता जिथे क्षितिजाला मिळतो, ती रेषा आरशाच्या मध्यावर यावी. आरसा अगदी थोडा फिरवला तरी दृश्य दुप्पट कोनाने सरकते, म्हणून जुळवताना हळू हात चालवावा.

सवय आधी शाळेच्या मैदानावर किंवा रिकाम्या रस्त्यावर करावी. सुरुवातीला आरसा नजरेत खुपतो, कधी थोडे गरगरल्यासारखे वाटते. काही दिवसांत डोळा त्याला सरावतो आणि हवा तेव्हाच पाहतो. आरशात टक लावू नये. एक झटपट नजर, पुन्हा समोर, आणि गरज वाटली तर पुन्हा एक नजर. खड्डा, वळण किंवा समोरून येणारे वाहन जवळ असताना आरशाकडे पाहूच नये. मागचे कितीही महत्त्वाचे असले तरी सायकल पुढे जात असते.

आरशात काय वाचायचे, तर वाहनाचा आकार कसा वाढतो ते. मागचे वाहन ताशी ६० किलोमीटरने आणि सायकल १५ ने जात असेल, तर दोघांतले अंतर सेकंदाला साडेबारा मीटरांनी कमी होते. शंभर मीटर मागे दिसलेले वाहन आठ सेकंदांत शेजारी येते. पण त्याची वाढ एकसारखी दिसत नाही. पहिल्या चार सेकंदांत ते दुप्पट होते, पुढच्या दोन सेकंदांत पुन्हा दुप्पट, आणि त्यानंतर एकाच सेकंदात आणखी दुप्पट. नवख्याला वाटते, वाहन अजून लहान आहे, म्हणजे वेळ आहे. वेळ तिथेच संपत असतो. एका नजरेत अंतर कळते. वेग कळायला दोन नजरा लागतात.

सरळ रस्त्यावर अधूनमधून, आणि समोर काही बदल दिसला की लगेच आरसा पाहावा. पुढे खड्डा आहे, उभा टेम्पो आहे, गुरे रस्त्यावर आली आहेत. या प्रत्येक वेळी उजवीकडे सरकावे लागणार असते. अडथळ्याजवळ पोहोचून मग आरसा पाहणे म्हणजे उशीर. तो दुरूनच पाहावा. मागे वाहन असेल तर वेग कमी करून, लागल्यास पाय टेकून त्याला जाऊ द्यावे. वाहन गेल्यावर लगेच उजवीकडे येऊ नये. एसटीच्या मागे मोटारसायकल झाकलेली असते. एक वाहन गेले की आरसा पुन्हा पाहावा.

फाट्यावर उजवीकडे वळायचे असेल तर क्रम ठरलेला असावा: आधी आरसा, मग उजवा हात लांब करून इशारा, मग मान वळवून खात्री, आणि त्यानंतर वळणे. यातले मान वळवणे कधीही गाळू नये. आरशाचा पट्टा मागे दूरवर रुंद असला तरी स्वाराच्या अगदी उजव्या अंगाला, मागच्या चाकाच्या आसपास, त्याच्या कक्षेबाहेरची जागा उरते. तिथे आलेली दुचाकी आरशातून निघून गेलेली असते, पण रस्त्यावरून गेलेली नसते. आरशाचा होकार मानू नये तो यासाठी. महामार्गावर किंवा गर्दीच्या फाट्यावर क्रम पाळूनही अंदाज येत नसेल, तर डाव्या कडेला थांबून उतरावे आणि सायकल हातात धरून रस्ता ओलांडावा.

घाटाच्या चढावर सायकल ताशी सहा-सात किलोमीटरवर येते आणि थोडी नागमोडी चालते. मागून येणारी बस खालच्या गिअरमध्ये असली तरी तिच्या मानाने फार वेगात असते. इथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. लांब वाहन वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांहून वळणाच्या आतल्या बाजूने जातात. रस्ता डावीकडे वळत असेल तर डाव्या कडेची सायकल आतल्याच बाजूला असते. बसचे तोंड सुरक्षित अंतराने पुढे गेले तरी तिचे मागचे अंग सायकलवर येते. म्हणून डाव्या वळणापूर्वी आरसा पाहावा आणि मागे बस किंवा डंपर असेल तर वळणाच्या अलीकडे जागा पाहून थांबावे. तिथे थांबण्यात गेलेले अर्धे मिनिट पुढच्या चढासाठी दम घ्यायला कामी येतो.

उतारावर उलट असते. सायकलचा वेग वाढलेला असतो, मागचे वाहन हळूहळू जवळ येते, आणि ब्रेक, वळण, खडी यांतच सगळे लक्ष जाते. अशा वेळी दोन वळणांमधल्या सरळ तुकड्यावरच आरसा पाहावा. मागे वाहन चिकटून आले तर त्याच्या भीतीने वेग वाढवू नये; रुंद जागा येताच बाजूला होऊन त्याला वाट द्यावी. अरुंद पुलावर किंवा साकवावर शिरण्याआधीही हाच क्रम: आरसा पाहावा, वाहन जवळ असेल तर त्याला आधी जाऊ द्यावे.

पावसात आरशावर थेंब बसतात आणि दृश्य विस्कटते. बोटाने पुसत राहण्यापेक्षा थांबून सुती रुमालाने पुसावा. झोडपणाऱ्या सरीत आरसा नाहीच असे समजून चालवावे. रेनकोटची टोपी हेल्मेटच्या आत घ्यावी, म्हणजे ती आरशासमोर येत नाही. रात्री मागच्या दिव्यांचा झोत डोळ्यात येतो. तेव्हा मान किंचित फिरवून तो चुकवावा. झोत दिसला म्हणजे वाहन आहे एवढे समजते, ते किती लांब आहे हे मात्र नुसत्या झोतावरून ठरवू नये.

मागचे वाहन ओळखणारी रडार यंत्रेही आता सायकलसाठी मिळतात. गार्मिन कंपनीचे असे यंत्र सुमारे १४० मीटरवरून येणारे वाहन टिपते आणि दिव्याने किंवा आवाजाने कळवते. पण ते चार्ज करावे लागते आणि महागही असते. वाहन येत आहे हे ते सांगते. ते बाहेरून जात आहे की कडेला घासून, हे नजरेलाच पाहावे लागते. लांब पल्ल्याचे काही स्वार दोन्ही वापरतात. गावातून शाळेला जाणाऱ्याला आरसा पुरेसा आहे.

आरशाने स्वाराला मागचे दिसते. मागच्याला स्वार दिसत नाही. त्यासाठी मागचा लाल दिवा, रिफ्लेक्टर आणि उठून दिसणारे कपडे वेगळे लागतात, आणि आरसा आला म्हणून यांतले काहीही कमी करू नये. ब्रेक, टायर आणि घंटी तपासताना आरशाची दांडी आणि चिमटाही हलवून पाहावा. प्लास्टिकला ओरखडे लवकर पडतात, म्हणून धूळ आधी पाण्याने धुवावी आणि मग मऊ कापडाने टिपावे. ओरखड्यांनी धुरकट झालेला आरसा दूरचे वाहन लपवतो, तो बदलावा. आरसा सैल झाला किंवा वाटेत पडला, तर तो चालत्या सायकलवर बसवण्याचा प्रयत्न न करता थांबून बसवावा, नाहीतर खिशात ठेवून उरलेला रस्ता मान वळवून पाहत कापावा.

कळावे.

तुझा मामा